सतरा दिवस आणि चौदा दिवस

स्वातंत्र्याचे धडे जगाला देणाऱ्या अमेरिकेत कैद्यासाठी न्यायालयाचे दार किती काळ उघडे असते, हे तपासून पाहण्यासारखे आहे.

बेकायदा बंदिवासाविरुद्ध देहोपस्थितीचा, म्हणजे हेबिअस कॉर्पसचा अर्ज हा कैद्याचा अखेरचा आधार. १९९५ साली ओक्लाहोमा सिटीत झालेल्या बॉम्बस्फोटानंतर उसळलेल्या संतापाचा लाभ घेऊन एप्रिल १९९६ मध्ये या आधारावरच घाव घालण्यात आला. नव्या कायद्याच्या नावात दहशतवादाचा उल्लेख होता. पण त्याचा बडगा राज्याराज्यांच्या तुरुंगांतील सर्वच कैद्यांवर पडला. शिक्षा अंतिम झाल्यापासून सर्वसाधारणपणे एका वर्षाच्या आत संघीय न्यायालयात अर्ज केला पाहिजे. तो फेटाळला गेल्यास तीस दिवसांत अपिलाची नोटीस द्यावयाची. शिवाय अपिलास अनुमती देणारे प्रमाणपत्रही मिळवावयाचे. मृत्युदंडाची प्रकरणे वगळता या लढाईत सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क नाही. पैसेवाल्याला मुदती सांभाळणारे वकील मिळतात. निर्धन कैद्याला त्या स्वतःच मोजाव्या लागतात.

मुदत नेमकी मोजूनही काय होते, हे २००७ सालच्या 'बोल्स विरुद्ध रसेल' या निकालाने दाखविले. ओहायोतील या कैद्याची अपिलाची मुदत उलटली होती. ती पुन्हा खुली करताना कायद्याप्रमाणे चौदा दिवस देता येत होते. न्यायाधीशांनी आदेशात सतरा दिवस लिहिले. कैद्याने आदेश पाळून सोळाव्या दिवशी नोटीस दाखल केली. सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ती निरर्थक ठरविली. मुदत कायद्याने घातली असल्याने ती शिथिल करण्याचा अधिकार न्यायालयाला नाही, असे बहुमताचे म्हणणे. न्यायाधीशाच्या शब्दावर विसंबणाऱ्यास अशी वागणूक देणे असह्य आहे, असा निषेध न्यायमूर्ती सूटर यांनी भिन्नमतात नोंदविला. चूक न्यायाधीशाची, शिक्षा कैद्याला!

मुदतीच नकोत, असे कोणी म्हणत नाही. परंतु न्यायालयाचीच चूक माफ करण्याची सोय नसेल, तर मुदत ही शिस्त न राहता सापळा बनते. नियम जाचक असल्यास काँग्रेसने तो बदलावा, असे बहुमतानेही सुचविले होते. चौदा दिवसांची ती तरतूद आजही कायम आहे.

भारतात तिहार कारागृहातून सुनील बात्रा यांनी धाडलेले साधे पत्र सर्वोच्च न्यायालयाने देहोपस्थितीचा अर्ज मानले होते. त्याच न्यायालयाने १९७६ साली जबलपूर प्रकरणात स्थानबद्धांना हे दार बंदही केले होते. म्हणूनच कार्यपद्धतीच्या प्रत्येक नव्या नियमाकडे जनतेने डोळ्यांत तेल घालून पाहिले पाहिजे. हक्क रद्द न करताही तो हिरावून घेता येतो. त्यासाठी एक तारीख पुरते.