आयुक्त महोदय, 800 तासांचा हिशेब मिळेल का?

प्रति,
मा. आयुक्त,
नागपूर महानगरपालिका, सिव्हिल लाइन्स, नागपूर



नंदनवनच्या झोपडपट्टीतली, हसनबागेतली मुले महापालिकेच्या शाळेत पाचवीपर्यंत पोहोचतात आणि तरीही साध्या भागाकाराला अडतात. का, असे विचारले की उत्तर तयार असते: "घरी वातावरण नाही." बाप कळमन्याच्या बाजारात हमाली करतो, आई चार घरची धुणीभांडी करते, अभ्यास घेणार कोण? हे शिक्षक सांगतात, अधिकारी सांगतात आणि आता तर पालकच स्वतःबद्दल हे बोलू लागले आहेत. माझा राग आहे तो या शेवटच्या गोष्टीवर. मूल नापास व्हायच्या आधीच आईबापांनी गुन्हा कबूल करून टाकला आहे.

घराचा परिणाम होतोच, तो कोण नाकारेल? अमेरिकेत 1966 साली समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांचा प्रचंड अहवाल आला. त्याचे एवढेच एक वाक्य जगभर फिरले, की शाळेतल्या सोयीसुविधांपेक्षा घरची परिस्थिती जास्त मोजते. त्याच अहवालात असेही होते की, वंचित मुलांच्या बाबतीत शाळा चांगली की वाईट याने इतरांपेक्षा जास्त फरक पडतो. ते वाक्य मात्र कोणाला आठवत नाही.

आपल्याच देशातले उदाहरण घ्या. 2001 ते 2003 या काळात मुंबई आणि बडोद्याच्या महापालिका शाळांत 'प्रथम' संस्थेने 'बालसखी' हा कार्यक्रम चालवला. मागे पडलेली तिसरी-चौथीची मुले रोज सुमारे दोन तास वर्गाबाहेर घ्यायची, पंधरा-वीसचा गट करायचा आणि वस्तीतल्याच, शाळा शिकलेल्या मुलीने त्यांना वाचायला, मोजायला शिकवायचे. तिचे मानधन शिक्षकाच्या पगारापुढे किरकोळ होते. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा प्रयोग काटेकोर तपासला. मुले सुधारली, आणि सर्वांत जास्त सुधारली ती सर्वांत मागे असलेली. खोली तीच, वस्ती तीच, बापाची हमालीही तीच. बदलले होते इतकेच, की रोज दोन तास कोणीतरी त्या मुलाच्या पातळीवर येऊन त्याला शिकवत होते. कार्यक्रम थांबल्यावर वर्षभरात फायद्याचा बराच भाग ओसरला, हेही त्याच अभ्यासात आहे. तेव्हा एका वर्षाचा उपक्रम करून फोटो काढण्यात अर्थ नाही.

म्हणून मला घराविषयी नाही, तासांविषयी विचारायचे आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला 200 कामाचे दिवस आणि 800 अध्यापन तास लिहिले आहेत. सहावी ते आठवीसाठी 220 दिवस आणि 1000 तास. नंदनवनच्या मुलाला यातले किती मिळतात? शाळा उघडी होती म्हणजे तास झाला असे नाही. गुरुजी बीएलओ, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी म्हणून मतदारयादी घेऊन गल्लोगल्ली फिरत असतील, मॅडम दोन वर्ग एकत्र बसवून यू-डायसच्या सरकारी नोंदणीची आणि आधारची माहिती भरत असतील, तर हजेरीपटावर दिवस भरतो, पाटीवर मात्र काही उमटत नाही. 2024 हे वर्ष पाहा: जानेवारीत राज्य मागासवर्ग आयोगाचे सर्वेक्षण, 19 एप्रिलला नागपुरात लोकसभेचे मतदान, 20 नोव्हेंबरला विधानसभेचे. कायद्याचे कलम 27 जनगणना, आपत्ती आणि निवडणुकीची सूट देते, हे मान्य. पण सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2007 मध्येच सांगितले आहे की, निवडणुकीचे काम शिक्षकांना सुट्टीच्या आणि न शिकवण्याच्या दिवशी द्यावे. आता 2027 ची जनगणना समोर आहे.

दुसरे दुखणे पटसंख्येचे. ज्याला थोडी फी परवडते तो मुलाला जवळच्या कॉन्व्हेंटमध्ये घालतो. पट घसरतो, पटानुसार शिक्षकांची पदे ठरवणाऱ्या संचमान्यतेत शिक्षक 'अतिरिक्त' ठरतो आणि त्याचे समायोजन दुसरीकडे होते. उरलेल्या शिक्षकावर दोन-तीन वर्ग येतात, ते पाहून आणखी चार पालक दाखले काढतात. मग एक दिवस पट नाही म्हणून शाळेलाच कुलूप लागते. राहतात ती मुले, ज्यांच्या वतीने भांडायला कोणी नाही. त्यातली काही घरी छत्तीसगढी बोलतात, काही हिंदी, आणि पुस्तकातली मराठी त्यांना पाहुण्यासारखी भेटते. अशा वर्गाला सर्वांत जास्त शिक्षक हवेत. आपला हिशेब तिथलेच आधी उचलतो.

सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खासगी शाळांना वंचित मुलांसाठीच्या 25 टक्के राखीव जागांतून सूट, असा बदल राज्याने फेब्रुवारी 2024 मध्ये केला होता. उच्च न्यायालयाने जुलैत तो रद्द केला. त्या वेळी एक साधा प्रश्न कोणी विचारला नाही: त्या एक किलोमीटरच्या आतल्या शाळेची अवस्था काय आहे?

विचारणार तरी कोण होते? मार्च 2022 मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि 2026 च्या निवडणुकीपर्यंत महापालिका प्रशासकाच्या हाती होती. 'असर' ही मुलांच्या शिकण्याची पाहणी फक्त ग्रामीण भागात होते. राष्ट्रीय सर्वेक्षणे जिल्ह्याचे आकडे सांगतात, आमच्या गल्लीतल्या शाळेचे नाही.

मागणी छोटी आहे. प्रत्येक मनपा शाळेच्या फाटकावर एक फलक लावा: मंजूर पदे किती, भरलेली किती, आणि या महिन्यात प्रत्येक वर्गाला प्रत्यक्ष किती तास शिकवले. एकूण मंजूर पदांच्या 10 टक्क्यांहून जास्त जागा रिक्त ठेवू नयेत, असे कलम 26 सांगते. फलकामुळे तेही दिसेल. तासांचा आकडा शाळा व्यवस्थापन समितीतल्या पालकांच्या सहीने लिहा, कारण समितीत तीन चतुर्थांश पालक असावेत हेही कायद्यातच आहे. आणि जिथे तास कमी पडतील तिथे वस्तीतल्या शिकलेल्या मुलींना मानधनावर घ्या, एका सत्रासाठी नव्हे, निदान पाच वर्षांसाठी.

विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. त्याआधी लेखी उत्तर मिळाले तर ते मी वस्तीत वाचून दाखवीन. नकार असेल तर तोही लेखीच द्यावा, ही विनंती.

आपला,
नंदनवनचा एक रहिवासी