जुन्या रिव्हॉल्व्हरचं मोल कोण ठरवणार?

सोन्याचा भाव रोजच्या पेपरात छापून येतो. जुन्या स्कूटरची किंमत गल्लीतला मेकॅनिकही सांगतो. पण परवान्याचं जुनं रिव्हॉल्व्हर घ्यायचं किंवा विकायचं झालं, तर भाव विचारायचा कुणाला? शेजाऱ्याला विचारावं, तर गावभर बोभाटा. दुकानदाराला विचारावं, तर तो स्वतःच गिऱ्हाईक! मग व्यवहार होतो तो अंदाजाने, आणि नंतर दोघांनाही रुखरुख लागून राहते.

समजा, रायपूरमधलं एक मराठी कुटुंब आहे. यजमान ठेकेदारीच्या निमित्ताने नागपूरहून इथे आले, चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवात रमले आणि इथलेच झाले. साइटवर रोकड न्यावी लागे, म्हणून रीतसर परवाना काढून त्यांनी .३२ बोअरचं विलायती रिव्हॉल्व्हर घेतलं होतं. आता ते नाहीत. ओळखीतला एक राइस मिलवाला म्हणतो, "काकू, तुम्ही कशाला ही जोखीम सांभाळता? माझ्याकडे परवाना आहे, मीच घेतो." तो एक आकडा सांगतो. काकूंना वाटतं, हा आपल्याला फसवतोय. त्याला वाटतं, आपण जुन्या लोखंडाचे जास्त पैसे मोजतोय. खरं कुणाचं?

विलायती मालाचा भाव का चढतो?

आपल्याकडे या बाजाराचं गणित उलटं आहे. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सर्वसामान्य नागरिकांसाठी परदेशी रिव्हॉल्व्हर, पिस्तुलांची आयात बंद झाली. नामवंत नेमबाजांना मिळणारी सवलत वगैरे अपवाद सोडले, तर बर्मिंगहॅमच्या वेब्ली अँड स्कॉटचं किंवा अमेरिकेच्या स्मिथ अँड वेसनचं जे हत्यार तेव्हा देशात होतं, तेच आजवर या हातातून त्या हातात फिरत आलं. माल वाढत नाही, मागणी मात्र आहे. परदेशात साधा पगारदार माणूस घेऊ शकेल असं वापरलेलं हत्यार इथे लाखांच्या भाषेत बोललं जातं, ते यामुळेच.

म्हणून परदेशी किमतीची पुस्तकं इथे कामाची नाहीत. अमेरिकेत 'ब्लू बुक ऑफ गन व्हॅल्यूज' नावाचा जाडजूड ग्रंथ मिळतो. त्यातला भाव सोडून द्यावा, पद्धत मात्र घ्यावी. मूळ पॉलिश किती टक्के शिल्लक आहे, सुटे भाग मूळचेच आहेत का, आतून झीज किती, या प्रश्नांच्या उत्तरांवर तिथे किंमत ठरते.

तुलना कशाशी करायची?

पहिली पायरी सोपी आहे. त्याच बोअरचं नवं भारतीय रिव्हॉल्व्हर आज कितीला पडतं, ते अधिकृत दुकानात विचारावं. कानपूरच्या सरकारी कारखान्याने जानेवारी २०१४ मध्ये 'निर्भीक' हे खास महिलांसाठी म्हणून .३२ बोअरचं, ५०० ग्रॅम वजनाचं रिव्हॉल्व्हर आणलं, तेव्हा त्याची किंमत होती १,२२,३६० रुपये. ऑगस्ट २०२३ मध्ये कानपूरचंच 'प्रबल' आलं. वेब्ली अँड स्कॉट हे नावही आता उत्तर प्रदेशातल्या हरदोई जिल्ह्यात बनणाऱ्या रिव्हॉल्व्हरवर येऊ लागलं आहे.

कानपूरचं जुनं रिव्हॉल्व्हर नव्याच्या किमतीला कुणी देत असेल, तर सरळ नवं घ्यावं. विलायती असेल, तर नावासाठी काही जास्त मोजणं समजण्यासारखं आहे. पण ते पैसे हौसेचे. संरक्षणासाठीच हवं असेल, तर नव्या देशी हत्यारापेक्षा ५० वर्षांपूर्वीचं विलायती हत्यार जास्त उपयोगाचं असेलच असं नाही.

इथे आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. डिसेंबर २०१९ मध्ये शस्त्र कायद्यात दुरुस्ती झाली आणि एका माणसाकडे तीनऐवजी दोनच बंदुका ठेवण्याची मर्यादा आली. ज्यांच्याकडे तीन होत्या, त्यांना तिसरी वर्षभरात सोडावी लागली. त्याआधीचा कुणाचा तरी ऐकीव भाव आज तसाच धरून चालत नाही.

आतून कसं आहे?

तपासणी परवानाधारक दुकानातल्या कारागिराकडूनच करून घ्यावी, घरच्या दिवाणखान्यात नव्हे. रिव्हॉल्व्हर रिकामं आहे याची खात्री झाल्यावर तो पाहतो ते असं: घोडा ओढल्यावर गोळ्यांचं चक्र नेमक्या जागी येऊन घट्ट थांबतं का, की डुगडुगतं? चक्र आणि नळी यांच्यातली फट वाढली आहे का? नळीच्या आतले पीळ स्पष्ट आहेत की गंजाने खाल्ले आहेत? सांगाड्यावरचे आणि सुट्या भागांवरचे नंबर जुळतात का?

वरून चकचकीत दिसलं म्हणून भुलू नये. नव्याने काळं केलेलं पॉलिश पुष्कळदा गंजाचे खड्डे झाकतं. वर्षानुवर्षं चामड्याच्या म्यानात ठेवलेलं हत्यार पावसाळ्यातल्या ओलीने हमखास खराब होतं. निवडणुकीच्या वेळी हत्यार ठाण्यात जमा करावं लागलं असेल, तर तिथल्या काळजीची हमी कोण देणार? दुरुस्तीचा खर्च विचारून घ्यावा आणि तो किमतीतून वजा करावा.

कागद नाहीत, तर किंमत शून्य

सगळ्यात मोठी गोष्ट कागदांची. .३८०, .४५५ किंवा ९ मिलिमीटरची लष्करी काडतुसं ज्यात चालतात, ती हत्यारं सामान्य परवान्यावर घेता येत नाहीत. तेव्हा बोअर कोणता, तो मूळचाच आहे की नंतर बदललेला, हे आधी पाहावं. परवान्यावरचा नंबर आणि हत्यारावरचा नंबर एकच हवा. एका आकड्याचा फरक असला तरी व्यवहार तिथेच थांबवावा.

एका परवानाधारकाने दुसऱ्याला थेट विकायचं असेल, तर शस्त्र कायद्याच्या कलम ५ प्रमाणे जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या ठाण्याच्या अधिकाऱ्याला घेणाऱ्याच्या नाव-पत्त्यासह लेखी कळवावं लागतं. त्यानंतर किमान ४५ दिवस थांबावं लागतं. "पैसे द्या, घेऊन जा, कागद मागाहून करू" म्हणणाऱ्याचं हत्यार फुकटातही महाग पडेल. विनापरवाना बंदूक बाळगण्याला आता २ ते ५ वर्षांच्या कैदेची तरतूद आहे.

काकूंची बाब आणखी नाजूक आहे. परवाना यजमानांच्या नावाचा. ते गेले, की घरच्यांना हत्यार नुसतं कपाटात ठेवून देता येत नाही. विनाकारण उशीर न करता ते ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करून पावती घ्यायची असते. हत्याराला हात लावण्याआधी ठाण्याला कळवलेलं बरं. जमा केलं म्हणजे मालकी गेली असं नाही. वारस स्वतःच्या परवान्यासाठी अर्ज करू शकतो, किंवा ते हत्यार पात्र माणसाला विकून पैसे घेऊ शकतो. मात्र हे ठरावीक मुदतीत व्हायला हवं, नाहीतर हत्यार सरकारजमा होऊ शकतं.

या मुदतीच्या धास्तीनेच पुष्कळ विधवा आणि मुलं मिळेल त्या किमतीला हत्यार देऊन मोकळी होतात. घेणाऱ्यालाही ते ठाऊक असतं! त्यावर उपाय एकच. हत्यार आधी जमा करावं, पावतीवर बनावट, बोअर आणि नंबर नीट लिहून घ्यावेत, मुदत कधी संपते ते विचारावं आणि मग निवांतपणे दोन-तीन ठिकाणी किंमत काढावी. रायपूरमध्ये एकाच दुकानदाराचा शब्द प्रमाण मानायचं कारण नाही. नागपूरही काही फार लांब नाही. हत्यार बरोबर न नेता, पावतीची प्रत दाखवूनही प्राथमिक अंदाज मिळतो.

आणि ज्यांनी आधीच पैसे मोजले आहेत, त्यांनी हेच तीन प्रश्न मागे वळून विचारावेत. नव्याच्या तुलनेत किती दिले? कारागिराने किती दुरुस्ती सांगितली? आपल्या परवान्यावर नोंद झाली का? पहिल्या दोन उत्तरांत चार-दोन हजार इकडे-तिकडे झाले, तर मनाला लावून घेऊ नये. तिसरं उत्तर 'नाही' असेल, तर किमतीचा हिशेब बाजूला ठेवून, हत्यार बरोबर न घेता, आधी एखादा वकील गाठावा.