मंदिराच्या पार्किंगमध्ये घरं उभी राहू देत



गणेश चतुर्थी, महाशिवरात्र आणि दिवाळी सोडली, तर बे एरियातल्या आपल्या मंदिराचं पार्किंग भरलेलं कधी पाहिलंय? मंगळवारी दुपारी तिथे गुरुजींची गाडी, आचाऱ्याची गाडी आणि बाकी नुसते पांढरे पट्टे. त्यातला आचारी पहाटे अंधारात ट्रेसीहून निघतो, डोंगर ओलांडून येतो आणि मग महाप्रसादाचा भात चढवतो. मंदिराजवळचं भाडं त्याच्या पगारात बसत नाही.

या रिकाम्या जागेच्या एका भागावर परवडणारी भाड्याची घरं बांधावीत, यासाठी हे आवाहन.

काही वर्षांपूर्वी हे बोलणंही फुकट गेलं असतं. झोनिंग बदलून घ्यायचं म्हणजे सिटी हॉलला हेलपाटे, शेजाऱ्यांच्या हरकती आणि पर्यावरणाच्या नावाखाली खटले. 1 जानेवारी 2024 पासून चित्र बदललं आहे. सिनेटर स्कॉट वीनर यांनी मांडलेल्या कॅलिफोर्नियाच्या एसबी 4 कायद्यानुसार, त्या तारखेपूर्वीपासून धार्मिक संस्थेच्या मालकीची जमीन असेल आणि प्रस्ताव नियमांत बसत असेल, तर शहराला तो अडवता येत नाही. अट अशी की बहुतेक घरं अल्प उत्पन्न गटासाठी हवीत आणि भाडं 55 वर्षं आवाक्यात राहिलं पाहिजे. पार्किंगची काळजी वाटत असेल, तर घरांसाठी निम्म्यापर्यंत पार्किंग कमी करण्याची मुभा 2020 च्याच एका कायद्यानं दिली आहे.

‘अल्प उत्पन्न’ म्हटल्यावर काहींच्या कपाळावर आठ्या पडतात. सांता क्लारा काउंटीत वर्षाला लाख डॉलर कमावणारं चौघांचं कुटुंबही याच गटात मोडतं. बालवाडीच्या बाई, इस्पितळातले मदतनीस, मुलांमागे इथे आलेले आजी-आजोबा ही ती माणसं.

चर्चवाले आपल्या पुढे गेले आहेत. वॉलनट क्रीकमध्ये सेंट पॉल्स चर्चच्या आवारात 45 घरांची इमारत उभी आहे. बर्कलीत ऑल सोल्स पॅरिशच्या जागेवर वृद्धांसाठी घरं झाली. आपल्याला ही कल्पना परकी वाटायचं तर काहीच कारण नाही. गाडगेबाबांनी देऊळ बांधलं नाही, धर्मशाळा बांधल्या. पंढरपूर, आळंदी, नाशिकला त्या आजही आहेत. आपण मात्र इथे कळसाच्या सोन्यासाठी वर्गणी काढतो. (मीही दिली आहे.)

जमीन विकायची नाही. ती मंदिराच्याच नावावर राहते; ना-नफा गृहनिर्माण संस्थेला दीर्घ मुदतीनं भाडेपट्ट्यावर द्यायची. मिडपेन, ईडन, ब्रिज या संस्था हेच काम करतात. पैसा मुख्यतः करसवलतींच्या योजनेतून आणि काउंटीच्या निधीतून उभा राहतो. सांता क्लारा काउंटीच्या मतदारांनी 2016 मध्ये अशा घरांसाठी 95 कोटी डॉलरचे रोखे मंजूर केले होते.

अडचणी आहेत, त्या लपवू नयेत. दहापेक्षा जास्त घरं असतील तर मजुरी सरकारी दरानं द्यावी लागते, खर्च वाढतो. आपली कित्येक मंदिरं गोदामांच्या वस्तीत आहेत आणि शेजारी उद्योग असतील तर कायद्याचा लाभ मिळेलच असं नाही. आणि सगळ्यात नाजूक गोष्ट: सार्वजनिक पैशातून झालेली घरं धर्म किंवा देश पाहून देता येत नाहीत. तिथे मेक्सिकोचं कुटुंब येईल, व्हिएतनामचं येईल. हे ज्यांना खटकतं त्यांनी सभेत उघड बोलावं, पार्किंगमध्ये कुजबुजू नये.

एसबी 4 कायद्याची मुदत 2036 च्या सुरुवातीला संपते. इमारतीला पैसा जमवण्यातच तीन-चार वर्षं सहज जातात, म्हणून यंदाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत एकच ठराव करून घेऊया: जमिनीची कागदपत्रं, कर्ज आणि झोनिंग तपासायला अभ्यास समिती नेमावी. आपल्यात वकील आहेत, सिव्हिल इंजिनियर आहेत, हिशेबाची माणसं तर ढिगानं आहेत. त्यांनी नावं द्यावीत. ज्यांना ठरावावर अनुमोदक म्हणून सही करायची आहे, त्यांनी रविवारी आरतीनंतर चपलांच्या मांडणीपाशी भेटावं. मसुदा आणि पेन दोन्ही तिथे असतील.