स्वतंत्र की आधारित?

नव्या कादंबरीपुढे आपला टीकाकार प्रथम हाच प्रश्न टाकतो आणि उत्तर ‘आधारित’ असे आले की पुस्तक मिटतो. अशा मंडळींनी योहान सेबास्टियन बाखचा डी मायनरमधला हार्प्सिकॉर्ड कन्चेर्टो एकदा ऐकावा.

१७३८ च्या सुमारास बाखने लाइप्झिगला ही रचना स्वहस्ते लिहून काढली. पण ती नवी नव्हतीच! तिचे पहिले दोन भाग त्याने आधीच चर्चमधल्या एका गानरचनेत ऑर्गनसाठी वापरले होते. संथ भागावर तर समूहगानाचे चार आवाज चढवले होते. तिसरा भाग गेला दुसऱ्या गानरचनेत. आणि या सगळ्याच्या मुळाशी बहुधा एक हरवलेला व्हायोलिन कन्चेर्टो आहे. झाले! विद्वान त्या हरवलेल्याच्या मागे लागले, व्हायोलिनची ‘मूळ’ संहिता जुळवू लागले.

त्यांच्या कष्टांना माझा नमस्कार. पण हाती आहे त्याचे काय? व्हायोलिनचा गज दोन तारांवर भराभर फिरला की मोकळ्या तारेचा सूर घुमत राहतो आणि शेजारची तार त्याच्याभोवती चाल विणते. हार्प्सिकॉर्डला गज कुठला? पट्टी दाबली की पिसाचे टोक तार छेडते. सूर उमटतो तोच विरू लागतो; जोराने दाबा की हलके, आवाज जवळजवळ तेवढाच. बाखने ते घुमणे बोटांवर सोपवले, डाव्या हातालाही स्वतःचे बोलणे दिले. घुमणारा सूर आता हट्टाने एकच गोष्ट बजावत राहतो. ही का नक्कल?

विवाल्डीचे मूळ तर हरवलेलेही नाही. १७११ साली ॲम्स्टरडॅमला छापलेला त्याचा चार व्हायोलिनांचा कन्चेर्टो बाखने चार हार्प्सिकॉर्डांसाठी नव्याने घडवला. दोन्ही लागोपाठ ऐका आणि मग बोला.

(बाख १७२३ पासून शाळेतही नोकरीला होता. लॅटिनचे तास मात्र त्याने पदरचे पैसे देऊन दुसऱ्याच्या गळ्यात घातले! मला हे अजून साधलेले नाही.)

माझ्या एका कादंबरीचे बीज कीर्तनातल्या आख्यानात आहे, असा ‘शोध’ एका परीक्षणकर्त्यांनी लावला. तिथलेच आहे, मी कधी नाकारले? आख्यानातली सून मुकाट्याने सोसते. माझी सून तिसऱ्या प्रकरणात घर सोडते. त्या परीक्षणात या प्रकरणाचा उल्लेखही नाही.