व्रत आणि वैद्यकी

धर्मभगिनींविषयीं शाळेंत लिहिले जाणारे निबंध वाचीत असतां एक गोष्ट वारंवार आमच्या नजरेस येते. त्यांत सिस्टर ही नेहमीं दयेची मूर्ति असते. ती रात्ररात्र जागते, जखमा धुते, रोग्याचे डोळे पुसते. हें खोटें नाहीं. परंतु ती शिकलेली असते, कठीण परीक्षा उतरलेली असते, आणि प्रसंगीं आपल्या वरिष्ठांपाशीं वर्षानुवर्षें एखाद्या गोष्टीचा पाठपुरावाही करते, ह्याचा उल्लेख क्वचितच आढळतो. आमच्या मतें ही उणीव लहान नव्हे. मेडिकल मिशन सिस्टर्स ह्या संघाच्या संस्थापिका डॉ. ॲना डेंगेल ह्यांचें चरित्र ह्याच दृष्टीनें वाचण्याजोगें आहे.

आरंभ मात्र दुसऱ्याच एका बाईपासून करावा लागतो. डॉ. ॲग्नेस मॅक्लॅरेन ह्या एडिंबरोच्या राहणाऱ्या. स्वतःच्या शहरांत स्त्रियांस वैद्यकीचें द्वार बंद, म्हणून त्यांनीं फ्रान्सांत माँपेलिए येथें जाऊन १८७८ सालीं पदवी मिळविली. साठी उलटल्यावर त्या कॅथॉलिक झाल्या, आणि सत्तरीच्या सुमारास रावळपिंडीस स्त्रियांकरितां इस्पितळ काढण्याच्या खटपटीस लागल्या. त्या भागांतील पडदानशीन स्त्री परक्या पुरुषास नाडीही पाहूं देत नसे. मग ताप असो वा अडलेलें बाळंतपण असो. लेडी डॉक्टर नाहीं, म्हणजे डॉक्टरच नाहीं, असा तेथला हिशेब होता. स्त्रियांस स्त्री-डॉक्टर हवी, हें आमच्याकडे पंडिता रमाबाईंनीं १८८२ सालींच पुण्यास हंटर कमिशनापुढें सांगितलें होतें, आणि त्याच हेतूनें फिलाडेल्फियास गेलेल्या आनंदीबाई जोशी १८८६ सालीं डॉक्टर झाल्या होत्या.

जन्मभर अशी सेवा करावयास धर्मभगिनींहून योग्य कोण? पण ख्रिस्तसभेचा जुना दंडक आड येत होता. व्रतस्थांनीं शुश्रूषा करावी. शस्त्रक्रिया व बाळंतपण ह्यांपासून दूर राहावें. मॅक्लॅरेनबाईंनीं रोमकडे अर्जावर अर्ज केले. १९१३ सालीं त्या निवर्तल्या. दंडक होता तसाच राहिला. तो घालणाऱ्यांच्या मनांत कांहीं वाईट होतें असें आम्ही म्हणत नाहीं. व्रताचें पावित्र्य जपावें एवढाच त्यांचा हेतु. परंतु त्याचें मोल रावळपिंडीच्या बाळंतिणी देत होत्या, आणि तें रोममध्यें बसून दिसण्यासारखें नव्हतें.

ॲना डेंगेल ऑस्ट्रियांतील टिरोल प्रांताच्या, जन्म १८९२. मॅक्लॅरेनबाईंशीं त्यांचा पत्रव्यवहार झाला, भेट मात्र कधींच झाली नाहीं. ब्रिटिश हिंदुस्थानांत काम करावयाचें तर ब्रिटिश पदवी पाहिजे, ह्या सल्ल्यावरून ही मुलगी आयर्लंडांत कॉर्क येथें गेली व परक्या भाषेंत शिकून १९१९ सालीं डॉक्टर झाली. पुढल्याच वर्षीं ती रावळपिंडीस आली. तेथें काम करितां करितां त्यांस एक गोष्ट कळून चुकली : एकटीनें कितीही राबावें, पाठीमागें संघ नसेल तर तिच्यामागून तें काम बंद पडणार.

त्याच १९२० सालीं ऑस्ट्रेलियाच्या डॉ. मेरी ग्लोरी गुंटूर येथें आल्या. त्यांस पोप पंधरावे बेनेडिक्ट ह्यांनीं धर्मभगिनी असूनही वैद्यकी करण्याची खास परवानगी दिली होती. त्यांची योग्यता आम्हांस पूर्ण मान्य आहे. पण खास परवानगी एकीची असते. डेंगेलबाईंस नियमच बदलून हवा होता, आणि तो बदलेपर्यंत त्या स्वस्थ बसल्या नाहींत. १९२५ सालीं वॉशिंग्टन येथें दोन डॉक्टर व दोन नर्सा अशा चौघींनीं संघ स्थापिला. उघड व्रतें घेतां येत नव्हतीं, म्हणून तीं न घेतां त्या व्रतस्थांप्रमाणें राहूं लागल्या. दोनच वर्षांत रावळपिंडीस होली फॅमिली इस्पितळ उघडलें. अखेर ता. ११ फेब्रुवारी १९३६ रोजीं रोमहून आज्ञापत्र निघालें : धर्मभगिनींनीं वैद्यकी व प्रसूतिशास्त्र शिकावें, आणि तें काम करावें. बंडाची भाषा न वापरतां, आणि गप्पही न बसतां, हें साधलें. आज्ञाधारकपणा म्हणजे मुकाटपणा असें समजणाऱ्यांनीं ह्या अकरा वर्षांचा विचार करावा.

डेंगेलबाईंचें 'मिशन फॉर समॅरिटन्स' हें पुस्तक १९४५ सालचें, म्हणजे हिंदुस्थान अद्याप पारतंत्र्यांत असतांनाचें. त्यांत त्यांनीं मांडलेला एक विचार आम्हांस विशेष मोलाचा वाटतो. ज्या लोकांवर आपल्या पूर्वजांनीं राज्य केलें व ज्यांस लुबाडलें, त्यांची वैद्यकीय सेवा ही त्या भरपाई मानीत. दया करणारा वर उभा असतो व घेणारा खालीं. देणें फेडणाऱ्यास मात्र तोऱ्यांत राहतां येत नाहीं, आणि निकृष्ट मालावर भागवितांही येत नाहीं. म्हणूनच असेल, अर्धवट शिकलेल्या सद्भावनेवर त्यांचा विश्वास नव्हता. प्रेमळ पण अडाणी हातांनीं बाळंतीण दगावली, तर त्या प्रेमाचा तिला काय उपयोग?

डेंगेलबाई १९८० सालीं रोममध्यें वारल्या. रावळपिंडी आज पाकिस्तानांत आहे. पाटणा व दिल्ली येथेंही त्यांच्या संघानें इस्पितळें उभारलीं. अमेरिकेंत ह्या संघाचें मुख्य ठाणें पुढें जेथें झालें तें शहर फिलाडेल्फिया; आनंदीबाई शिकल्या तेंच.