टायरचा कॉलम

पप्पांनी घरच्या ट्रकचा हिशोब तुमच्या लॅपटॉपवर टाकलाय? मग एक्सेलमध्ये एक कॉलम टायरचा करा! सावदा-रावेरची केळी भरून दिल्लीकडे निघालेली गाडी वाटेत अडकली, की माल गाडीतच पिकतो. मग तो फटका टायरच्या किमतीपेक्षा मोठा.

सर्व्हिसिंग कधी? कंपनीच्या पुस्तकातला आकडा बघाच. पण धूळ, भरगच्च माल आणि जळगावचं मे महिन्यातलं ऊन असेल, तर त्याआधीच गाडी गॅरेजला न्या. दर 10 हजार किलोमीटरला टायर नीट तपासा. पुढचे टायर कडेने झिजत असतील, तर अलाइनमेंट करून जागा बदला. मागच्या जोडचाकांत एक नवा, एक झिजलेला नको. भार नव्यावरच येतो. नक्षी 1.6 मिलिमीटरच्या खाली गेली, की टायर कायद्यानेही बाद.

आणि हो, ‘उन्हाळ्यात हवा कमी ठेवायची’ हा सल्ला विसरा. हवा कमी असली की टायर जास्त दबतो, जास्त तापतो आणि फुटतो. हवा सकाळी, टायर थंड असतानाच तपासा.

केळी वेळेवर पोचली, की पप्पाही खूश!