आधी मीटर लावा, मग सेन्सर बदला

डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो, पडद्यावर कोड उमटतो आणि इंजिनाचा दम जातो. टाकीत डिझेल आहे, फिल्टर नवे आहेत, तरी रेस दिली की मशीन उचलत नाही. मालक मेकॅनिकला फोन लावतो. पलीकडून पहिला प्रश्न येतो, "कोड कुठला आलाय?" कोड सांगितला की उत्तर ठरलेले असते: "सेन्सर गेलाय, नवा मागवा." नवा सेन्सर येतो, बसतो, आणि पुढच्या पाळीत तोच कोड परत उभा राहतो. तासावर भाडे घेऊन बँकेचा हप्ता फेडणाऱ्या मालकाचे यात दोन्हीकडून नुकसान होते. मशीन उभी राहते, आणि बसवलेला इलेक्ट्रिकल भाग दुकानदार सहसा परत घेत नाही.

मुळात कोड सेन्सरवर ठपका ठेवतच नाही. जड यंत्रांच्या बहुतेक इंजिनांमध्ये जे१९३९ हे प्रमाण वापरले जाते. त्यात कोडचे दोन भाग असतात. एसपीएन हा आकडा कोणती मोजणी बिघडली ते सांगतो: १०० म्हणजे इंजिन ऑइलचा दाब, ११० म्हणजे कूलंटचे तापमान. एफएमआय हा दुसरा आकडा बिघाड कशा प्रकारचा आहे ते सांगतो: ३ म्हणजे व्होल्टेज जास्त, ४ म्हणजे कमी, ५ म्हणजे करंट कमी किंवा सर्किट तुटलेले. सेन्सर, त्याचा कनेक्टर, हार्नेसमधली तार, अर्थ आणि कंट्रोलरची पिन या साखळीत कुठेही खोट असली तरी कोड तोच येऊ शकतो. आपल्याकडे पहिला आकडा वाचला जातो. खरा धागा दुसऱ्या आकड्यात असतो, आणि तो बहुतेक वेळा फोनवर कुणी विचारतही नाही.

कूलंटच्या तापमानाचा दोन तारांचा सेन्सर घ्या. इंजिनाचा कंट्रोलर आपल्या आतल्या रोधातून त्याला ५ व्होल्ट देतो. पाणी तापते तसा सेन्सरचा रोध उतरतो आणि सिग्नलचे व्होल्टेजही उतरते. आता कोड ११० आणि ४ आला, म्हणजे व्होल्टेज कमी. किल्ली चालू ठेवून सेन्सरचा कनेक्टर काढायचा. सर्किट उघडे पडल्याने व्होल्टेज ५ च्या जवळ चढायला हवे आणि कोड ४ वरून ३ वर जायला हवा. तसा गेला, तर तार आणि कंट्रोलर ठीक आहेत, दोष सेन्सरचा. कनेक्टर काढूनही ४ तसाच राहिला, तर सेन्सर निर्दोष आहे. सिग्नलची तार बहुधा कुठेतरी इंजिनाला घासून अर्थ झाली आहे. उलट कोड ३ असेल, तर कनेक्टरच्या दोन पिना तारेच्या तुकड्याने जोडून कोड ४ वर येतो का ते पाहायचे. हा तुकडा दोन तारांच्या तापमान सेन्सरलाच लावायचा. तीन तारांच्या दाब सेन्सरमध्ये ५ व्होल्टचा थेट पुरवठा असतो. तिथे जोडणी चुकली तर नवाच बिघाड होतो.

या साऱ्याला पाच-दहा मिनिटे आणि एक साधा मल्टिमीटर लागतो.

एकदम तीन-चार सेन्सरचे कोड आले, तर ते सगळे एकाच दिवशी मेले असे समजणे म्हणजे खिशाला आमंत्रण. अनेक मशीनमध्ये दोन-तीन दाब सेन्सर ५ व्होल्टच्या एकाच पुरवठ्यावर असतात. त्यातला एक आतून शॉर्ट झाला की सगळ्यांचे व्होल्टेज कोसळते. मीटर त्या पुरवठ्यावर ठेवून एकेक सेन्सर काढत जायचे. ज्याच्या काढण्याने ५ व्होल्ट परत आले, तो दोषी. कंट्रोलरांमधला संवाद बंद पडल्याचे कोड असतील, तर बॅटरी तोडून, ज्यावरून ते एकमेकांशी बोलतात त्या कॅनच्या दोन तारांमधला रोध मोजावा. तो ६० ओहमच्या आसपास हवा. १२० भरला, तर टोकाचा एक रोध किंवा वाटेतली तार तुटली आहे.

महाराष्ट्रात या बिघाडांची कारणेही ठरलेली आहेत. पावसाळ्यात मशीन महिनोन्‌महिने उभी राहते. दसऱ्याला तिला हार पडतो आणि काम सुरू झाले की कोड सुरू होतात. तोवर कनेक्टरच्या पिनांवर हिरवा गंज चढलेला असतो, इंजिनाच्या खोलीत उंदरांनी वायरिंग कुरतडलेले असते. प्रेशर वॉशरचा फवारा सरळ कनेक्टरवर मारायची सवय त्यात भर घालते. तपासताना तारेच्या आवरणात सुई टोचणारे मिस्त्रीही कमी नाहीत. त्या भोकातून पाणी शिरते आणि काही महिन्यांनी तीच तार आतून गंजते. सर्वांत महाग पडते ते वेल्डिंग. बूमला भेग गेली की साइटवरच टाका मारतात, अर्थचा चिमटा हाताला येईल तिथे लावतात. बॅटरी आणि कंट्रोलरचे कनेक्टर काढा, चिमटा टाक्याजवळच लावा, हे कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये असते. साइटवर ते वाचून कुणी सांगत नाही.

हे ज्ञान आता ऐच्छिक राहिलेले नाही. चाकांवर चालणाऱ्या बांधकाम यंत्रांना १ एप्रिल २०२१ पासून उत्सर्जन नियमांचा चौथा टप्पा लागू झाला, १ जानेवारी २०२५ पासून पाचवा. टप्पा वाढला तसे इंजिनावरचे सेन्सर वाढले आणि वायरिंगही. आयटीआयच्या डिझेल मेकॅनिक अभ्यासक्रमात सेन्सरचा धडा आहे, पण धडा वाचणे वेगळे आणि मुद्दाम बिघडवलेल्या हार्नेसवर तासभर मीटर घेऊन बसणे वेगळे. प्रत्येक आयटीआयत चालू इंजिनावर असा बिघाडांचा फलक हवा, आणि मुलांना गुण मिळावेत ते कारण शोधल्याबद्दल. हे सगळे मराठीत शिकवता येते. शब्द अडत नाहीत, कारण गॅरेजमधली मुले पिन, अर्थ, शॉर्ट हे शब्द बोलूनच मोठी होतात.

तरीही वायरिंग डायग्राम हातात नसेल तर चांगला मेकॅनिकही आंधळा. २०२२ च्या जुलैत केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिने शेती अवजारे, मोबाईल, घरगुती उपकरणे आणि वाहने ही क्षेत्रे निवडली. बांधकाम यंत्रांचे स्वतंत्र नाव त्यात आले नाही. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याने २०२३ मध्ये शेती यंत्रांच्या उत्पादकांना मॅन्युअल, साधने आणि सॉफ्टवेअर शेतकऱ्यांना आणि स्वतंत्र मेकॅनिकना देणे कायद्याने बंधनकारक केले. आपल्याकडे खेड्यातला जेसीबीवाला माहिती न मिळण्याच्या त्याच अडचणीत आहे. उत्पादकांची एक भीती खरी आहे: सॉफ्टवेअर उघडे झाले तर धूर रोखणारी यंत्रणा बंद पाडली जाईल. म्हणून कंट्रोलरमध्ये लिहिण्याला कुलूप राहू द्यावे. पण वाचण्याला कुलूप कशासाठी? कोणती पिन कशाची, तिथे किती व्होल्ट हवेत, कोडचा अर्थ काय, एवढी माहिती मशीनच्या किमतीतच धरलेली असावी आणि ती मालकाला मराठीत मिळावी.

तोवर मालकांच्या हातात एक गोष्ट आहे. नवा सेन्सर मागवण्याआधी मेकॅनिकने कोणत्या पिनवर काय मोजले आणि किती आले, ते बिलावर लिहून मागावे. आकडा लिहिलेला नसेल, तर सेन्सरचे पैसे देण्याची घाई करू नये.